पैसा एकाचा, नाव दुसऱ्याचे

दिल्लीत लाजपत नगरच्या मागच्या गल्ल्यांमध्ये अफगाणी तंदूर आहेत. संध्याकाळी तिथे लांबट, बोटांच्या खाचा उमटवलेले नान भट्टीतून निघतात आणि कागदात गुंडाळून गरमागरम हातात पडतात. अशाच एका तंदूरवर मी पैसे देण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन केला, तेव्हा पडद्यावर जे नाव उमटले ते समोर उभ्या असलेल्या माणसाचे असणे शक्य नव्हते. नाव अस्सल पंजाबी होते. मी घुटमळलो, तसे त्याने सवयीने सांगितले, "मकान मालिक का है, भेज दीजिए." पैसे गेले, शेजारच्या छोट्या स्पीकरने रक्कम मोठ्याने जाहीर केली आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. घरमालक यातून किती कापून घेतो आणि महिनाअखेरीस हिशेब कसा होतो, हे विचारायचे मला धाडस झाले नाही.

निर्वासितांना बँक खाते आणि मोबाइलवरून पैशांचा व्यवहार करण्याची मुभा असावी की नसावी, असा प्रश्न आपल्याकडे मांडला जातो, तेव्हा एक गृहीतक त्यात दडलेले असते: आपण मुभा दिली नाही तर व्यवहार होणार नाही. त्या तंदूरवर व्यवहार झालाच होता. तो भारताच्या अधिकृत पेमेंट व्यवस्थेतून, अधिकृत खात्यात झाला होता. फक्त ज्याने पीठ मळले होते त्याचे नाव त्यात कुठेही नव्हते. माझे म्हणणे एवढेच आहे की खाते नाकारल्याने पैसा थांबत नाही, तो दुसऱ्याच्या नावाने वाहू लागतो, आणि यात नुकसान एकट्या निर्वासिताचे होत नाही.

यूपीआय २०१६ साली सुरू झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातले त्यावरचे व्यवहार २,००० कोटींच्या पुढे गेले. रोख पैसा सर्रास चालत होता तोवर खाते नसणे ही एक गैरसोय होती. आता भाजीवालीकडे सुटे नसतात, कारखान्याचा मुकादम पगारासाठी खाते क्रमांक मागतो, घरोघरी पार्सल पोहोचवण्याच्या कामाला तर खात्याशिवाय उभेच करत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या आकडेवारीनुसार भारतात दोन लाखांहून अधिक निर्वासित आहेत. त्यांत श्रीलंकेतले तमिळ आणि तिबेटी लोक यांची जबाबदारी केंद्र सरकारने स्वतःकडे घेतलेली आहे. म्यानमार, अफगाणिस्तान आणि इतर देशांतून आलेल्यांची नोंदणी उच्चायुक्तालय करते आणि त्यांना एक कार्ड देते. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही, त्यामुळे हे कार्ड खिशात असलेला माणूस सरकारच्या लेखी केवळ परदेशी नागरिक असतो.

आता हा परदेशी नागरिक बँकेत जातो. काउंटरवरचा कारकून वाईट माणूस नसतो. त्याच्यासमोर एक यादी असते. पासपोर्ट, वाहन परवाना, आधार, मतदार ओळखपत्र, रोजगार हमीचे जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे पत्र, अशी ही अधिकृत कागदपत्रांची यादी आहे आणि उच्चायुक्तालयाचे कार्ड तिच्यात बसत नाही. जीव वाचवून सीमा ओलांडलेल्या माणसाकडे पासपोर्ट असेलच असे नाही. असला तरी त्याची मुदत संपलेली असते. आणि ज्याच्याकडे चालू पासपोर्ट आहे पण त्यावर पत्ता नाही, त्याच्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमात एक सोय आहे, जी वाचून हसावे की रडावे ते कळत नाही: अशा परदेशी नागरिकाने त्याच्या देशाच्या सरकारी खात्याचा कागद किंवा त्या देशाच्या भारतातल्या दूतावासाचे पत्र पत्त्याचा पुरावा म्हणून आणावे. पर्यटकासाठी, नोकरीवर आलेल्या अभियंत्यासाठी हा नियम रास्तच आहे. पण रोहिंग्या माणसाला म्यानमारने १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने आपला मानणेच बंद केले. त्याने म्यानमारच्या दूतावासात जाऊन आपला पत्ता लिहून मागायचा? तालिबान येण्यापूर्वीच्या अफगाण सरकारचा दिल्लीतला दूतावास नोव्हेंबर २०२३ मध्ये आपण कायमचे बंद होत असल्याचे जाहीर करून मोकळा झाला. पुण्यात शिकायला आलेली आणि ऑगस्ट २०२१ नंतर परतीची वाट बंद झालेली अफगाण मुले या प्रश्नाला आपल्या दारातच तोंड देत आली आहेत. परदेशी विद्यार्थ्याचे खाते पासपोर्ट आणि व्हिसाच्या आधारावर उघडले जाते. ज्या सरकारने तो पासपोर्ट दिला ते सरकारच नाहीसे झाल्यावर नूतनीकरणासाठी कोणाच्या खिडकीत उभे राहायचे, याचे उत्तर बँकेच्या परिपत्रकात नसते.

आधार हा यावरचा उपाय वाटतो, आणि मूळ कायद्याच्या भाषेत तो होताही. २०१६ च्या आधार कायद्याने नागरिक हा शब्द टाळून रहिवासी हा शब्द वापरला. अर्ज करण्यापूर्वीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेला माणूस रहिवासी ठरतो, आणि आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही हेही तोच कायदा स्पष्ट सांगतो. कायदा करणाऱ्यांना ओळख आणि नागरिकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे नीट कळत होते. पण परदेशी रहिवाशाने आधारासाठी काय दाखवायचे, तर पुन्हा वैध पासपोर्ट आणि व्हिसा. म्हणजे गाडी फिरून त्याच स्टेशनात येते.

हे असेच असावे लागते असे मात्र नाही, आणि त्याचा पुरावा मराठी वाचकाने दर हिवाळ्यात पाहिलेला आहे. पुण्या-नागपुरात फुटपाथवर किंवा मैदानात मांडव टाकून स्वेटर विकणारे तिबेटी आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांचा मुक्काम कर्नाटकातल्या किंवा हिमाचलातल्या वसाहतींत असतो. एक वसाहत आपल्याकडेच, गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळ १९७२ पासून आहे, तिचे नाव नॉर्ग्येलिंग. तिबेटी माणसाला परदेशी नोंदणी कार्यालय एक नोंदणी प्रमाणपत्र देते, ज्याला ते लोक सरसकट आरसी म्हणतात. त्याचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. या कागदाच्या जोरावर पुढचे कागद मिळतात, आधार निघते, खाते उघडते. २०१४ साली केंद्राने तिबेटी पुनर्वसनाचे धोरण जाहीर करून राज्यांनाही त्यांना योजनांचा लाभ द्यायला सांगितले. त्यामुळे आज त्या मांडवात स्वेटर घेताना आपण कोड स्कॅन करतो, तेव्हा पडद्यावर तिबेटी नाव येऊ शकते. तिबेटीही नागरिक नाही आणि लाजपत नगरचा नानवालाही नाही. दोघांत फरक आहे तो सरकारने एकाच्या हातात दिलेल्या आणि दुसऱ्याच्या हातात न दिलेल्या एका कागदाचा.

त्याहून बोचरी तुलना विमानतळावर होते. जी-२० चे अध्यक्षपद भारताकडे असताना, २०२३ मध्ये, परदेशी पाहुण्यांना यूपीआय वापरता यावे म्हणून पासपोर्ट आणि व्हिसा पाहून मोबाइलवर वॉलेट देण्याची व्यवस्था रिझर्व्ह बँकेने सुरू करून दिली. भारतात बँक खाते नसले तरी चालते. व्यवस्था चांगली आहे, पाहुण्याने रोख रुपये कशाला बाळगायचे? पण आठ दिवसांसाठी ताजमहाल पाहायला आलेल्या माणसासाठी खात्याची अट शिथिल करण्याइतकी कल्पकता आपल्याकडे आहे, तर बारा वर्षे दिल्लीत भाडे भरणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती कुठे जाते, एवढे विचारायला हरकत नसावी.

खाते नसलेल्या माणसाचे काय होते, ते आता पाहू. मोबाइलसाठी सिम घ्यायचे तर तेही कागदपत्रांवरच मिळते, म्हणून पहिली उसनवारी सिमची होते. ते शेजाऱ्याच्या किंवा मालकाच्या नावावर असते. दुसरी उसनवारी खात्याची. मजुरी मुकादमाच्या खात्यात जमा होते आणि तो रोखीने देतो, त्याला वाटेल तेव्हा आणि वाटेल तेवढी. तक्रार करायची तर मजुरी मिळाल्याचा किंवा न मिळाल्याचा कोणताच कागद मजुराकडे नसतो. बाईची अवस्था आणखी अवघड असते, कारण खाते उसने द्यायला तयार होणारा बहुधा पुरुष असतो आणि तो ते नवऱ्याशी किंवा भावाशी ओळख ठेवून देतो. तिच्या शिवणकामाचे पैसे तिच्या हाती पोहोचेपर्यंत दोन पुरुषांच्या हातून गेलेले असतात. परदेशातल्या नातेवाइकाने पाठवलेली रक्कम हवालाच्या वाटेने येते. बचत गादीखाली राहते, आणि झोपडपट्टीला आग लागली की तिच्याबरोबर जळते; दिल्लीत कालिंदी कुंजजवळच्या रोहिंग्या वस्तीला २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये अशा आगी लागलेल्या आहेत.

सुरक्षेचा आक्षेप मी हलका मानत नाही. दहशतवादाला पैसा पुरवला जाऊ नये आणि काळा पैसा पांढरा होऊ नये, म्हणून बँकांनी गिऱ्हाइकाची ओळख पटवली पाहिजे, हे तत्त्व योग्यच आहे. पण त्याच तत्त्वाने या स्थितीकडे पाहा. ऑनलाइन फसवणुकीच्या गुन्ह्यांत पोलीस आज सर्वांत जास्त कशाच्या मागे असतील, तर भाड्याने दिलेल्या खात्यांच्या, ज्यांना बँकांच्या भाषेत म्यूल अकाउंट म्हणतात. खाते एकाचे आणि व्यवहार दुसऱ्याचा, हे त्याचे लक्षण. निर्वासिताला खाते नाकारून आपण हेच लक्षण गल्लोगल्ली पेरतो. लाजपत नगरच्या त्या घरमालकाच्या खात्यात रोज शेकडो छोट्या रकमा येतात. उद्या त्यांतल्या एखाद्या रकमेबद्दल पोलिसांचे पत्र बँकेत आले तर खाते गोठेल, घरमालक हात वर करेल, आणि पैसा खरोखर कोणाचा होता हे कोणत्याही नोंदीवरून सिद्ध करता येणार नाही. सुरक्षेची काळजी असलेल्या माणसाने तर हे नाव पडद्यावर यावे म्हणून आग्रह धरायला हवा. जोखीम पाहून तपासणी कमी-जास्त करावी, हे तत्त्व आर्थिक गुन्ह्यांवर लक्ष ठेवणारी आंतरराष्ट्रीय संघटना एफएटीएफ स्वतःच सांगते. महिन्याला आठ-दहा हजारांचा व्यवहार आणि कोट्यवधींचा व्यवहार यांना एकच गाळणी लावावी असे तिने कधी म्हटलेले नाही.

आणि नवे काही शोधायचीही गरज नाही. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या नियमांत छोट्या खात्याची तरतूद आहेच. ज्याच्याकडे यादीतला एकही कागद नाही, त्याचे खाते स्वसाक्षांकित छायाचित्र आणि बँक अधिकाऱ्यासमोर केलेली सही किंवा अंगठा यांवर उघडता येते. वर्षभरात एकूण जमा १ लाखाच्या आत, महिन्याला काढणे आणि पाठवणे १० हजारांच्या आत, कोणत्याही वेळी शिल्लक ५० हजारांच्या आत, आणि ओळख पूर्ण पटेपर्यंत परदेशातून आलेला पैसा जमा करता येत नाही. वर्षाला १ लाख म्हणजे महिन्याला साडेआठ हजारांच्याही आत; एवढ्यात कोणी बाँब बनवील अशी भीती बाळगायची तर मग प्रत्येक किराणा दुकानच बंद करावे लागेल. २०१८ साली तर रिझर्व्ह बँकेने आणखी एक पाऊल टाकले होते: पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना, त्यांना भारतात दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळाला असेल किंवा त्यासाठीचा अर्ज विचाराधीन असेल तर, एकच विशिष्ट प्रकारचे खाते उघडण्याची मुभा दिली. धर्म पाहून दार उघडण्याला माझा विरोध आहे आणि तो इथे लपवण्याचे कारण नाही. पण या परिपत्रकाने एक गोष्ट सिद्ध केली: नागरिकत्व नसताना, निर्णय लागायचा असताना, एका माणसाला एकच खाते द्यायचे आणि त्यावर लक्ष ठेवायचे, हे भारतीय बँकांना जमते. जमत नाही असे म्हणणाऱ्यांची वाट तिथे बंद होते.

"आधी आपल्या माणसांचे पाहा" हा दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो, कारण त्यात तथ्य आहे. आपल्याच महाराष्ट्रात पारध्यांच्या आणि इतर भटक्या-विमुक्तांच्या पालांवर जन्माचा दाखला नाही, रेशनकार्ड नाही, म्हणून खाते नाही अशी कुटुंबे आजही सापडतात. ती शेकडो वर्षांपासून इथलीच आहेत. पण या दोघांना एकमेकांसमोर उभे करण्यात मला लबाडी दिसते. दोघांना अडवणारी खिडकी एकच आहे, यादीही एकच. ज्या दिवशी बँक कागद नसलेल्या माणसाची ओळख पटवायला गंभीरपणे शिकेल, त्या दिवशी पालावरची बाई आणि नानवाला दोघेही एकाच रांगेत पुढे सरकतील. आर्थिकदृष्ट्या वंचितांना बँक सेवा नाकारली जाईल अशा रीतीने धोरण राबवू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत लिहिलेलेच आहे. शाखेत ते कोणी वाचून दाखवत नाही, ही गोष्ट वेगळी.

मला ज्याची खरोखर धास्ती वाटते तो धोका आणखी वेगळा आहे, आणि डिजिटल व्यवस्थेचे गोडवे गाणारे तो सहसा बोलत नाहीत. नोंद झाली की ती कोणाच्या हाती जाईल याची हमी निर्वासिताला कोण देणार? बांगलादेशातल्या छावण्यांत रोहिंग्यांची बोटांच्या ठशांसह नोंदणी झाली, आणि ती माहिती परतपाठवणीच्या पडताळणीसाठी बांगलादेशाने म्यानमारला दिली, असे ह्यूमन राइट्स वॉचने जून २०२१ मध्ये उघड केले. ज्यांच्यापासून पळून आलो त्यांच्याच टेबलावर आपली यादी पोहोचेल, याची अनेकांना कल्पनाही नव्हती. त्या वर्षी काबूल पडल्यावर मागे राहिलेल्या बायोमेट्रिक यंत्रांबद्दलही हीच भीती होती. म्हणून खाते देताना बँकेने गोळा केलेली माहिती त्या माणसाच्या मूळ देशाला कोणत्याही कारणाने दिली जाणार नाही आणि त्याला हाकलण्यासाठीची यादी म्हणून वापरली जाणार नाही, एवढे लेखी बंधन सोबत असलेच पाहिजे. ते नसेल तर शहाणा निर्वासित खाते उघडणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

इतर देशांची उदाहरणे थोडक्यात पुरेत. युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशाने आश्रयासाठी अर्ज केलेल्या माणसालाही मूलभूत खात्याचा हक्क दिला. श्रीमंत नसलेल्या कोलंबियाने २०२१ मध्ये व्हेनेझुएलातून आलेल्या लाखो लोकांना दहा वर्षांचा तात्पुरता दर्जा आणि त्याचे कार्ड दिले, ज्यावर बँकेत खाते उघडते. पण मला जवळचे वाटते ते आपलेच उदाहरण. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेली माणसे राहिली आणि १९४९ साली त्या जागेचे उल्हासनगर झाले. त्याआधीच, १९४८ मध्ये, निर्वासितांना धंद्यासाठी कर्ज देण्याकरिता पुनर्वसन वित्त प्रशासनाचा स्वतंत्र कायदा झाला होता. ती माणसे नागरिक होती, आजची नाहीत, हा फरक मी विसरलेलो नाही. पण घरदार सोडून आलेल्या माणसाला जगायला तंबू आणि शिधा पुरत नाही, भांडवल लागते, एवढी समज त्या वेळच्या दिल्लीत होती, आणि तिचे फळ उल्हासनगरच्या बाजारात कोणीही जाऊन पाहावे.

न्यायालयाच्या दोन निकालांना अजून कोणी शेजारी ठेवून वाचलेले मला दिसले नाही. अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की घटनेच्या कलम २१ चे जीविताचे संरक्षण नागरिक नसलेल्यालाही आहे. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर, ज्यांना केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावता येत नव्हते, त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा कलम २१ चाच अंगभूत भाग असल्याचे सांगितले. परदेशी माणसाला भारतात वाटेल तिथे राहण्याचा हक्क नाही, हे न्यायालयाने २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणातही स्पष्ट केले आहे आणि मी त्याच्याशी वाद घालत नाही. पण जोवर तो इथे आहे तोवर त्याने जगायचे आहे, आणि जगण्याचा व्यवहार आता मोबाइलवरून होतो.

करायचे काम फार मोठे नाही. अधिकृत कागदपत्रांची जी व्याख्या नियमांत आहे, तिच्यात केंद्र सरकारला नियामकाशी सल्लामसलत करून आणखी एखादा कागद अधिसूचनेने जोडण्याची मुभा आहे; संसदेत विधेयक आणायची गरज नाही. परदेशी नोंदणी कार्यालयाने पडताळलेले निर्वासित प्रमाणपत्र त्या यादीत घालावे, त्यावर छोट्या खात्याइतकीच मर्यादा ठेवावी आणि त्याच प्रमाणपत्रावर सिम मिळावे. पण त्याआधीही, उद्या सकाळीच, एक ओळ बदलता येईल. छोटे खाते पहिल्यांदा १२ महिन्यांसाठी उघडते आणि पुढच्या १२ महिन्यांसाठी तेव्हाच चालू राहते, जेव्हा खातेदार यादीतल्या एखाद्या कागदासाठी अर्ज केल्याचा पुरावा दाखवतो. नानवाल्याने अर्ज कशासाठी करायचा आणि कोणत्या कार्यालयात, हे त्या ओळीत कुठेही लिहिलेले नाही.